मिठाचा मान

माझ्या अंगावरून वारं गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक अजून मला पाहिलं की हळू आवाजात बोलायला लागतात, जसे काही माझे कानही गेलेत. कान शाबूत आहेत. डावा पाय ओढत चालते, डाव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत, तोंड डावीकडून थोडं खाली उतरलंय. आणि चव गेली. पाय, हात, तोंड सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याबद्दल लोक हळहळतात. चव गेलेली कुणाला दिसत नाही, तेव्हा तिच्याबद्दल मलाच बोलावं लागतं. माझे वडील लोणावळ्याला रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. त्यांनी मला मराठी चौथीपर्यंत शाळेत बसवलं. तेवढ्या शिदोरीवर हे लिहिते आहे, तेव्हा शुद्धलेखन कुणी तपासू नये.

लग्न होऊन मी कुसगावच्या पलीकडच्या एका खेड्यात आले. घरात आमचे मालक, त्यांचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ. दीर खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगवर होते, ते पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचे. मालक शेती बघायचे आणि सकाळी दुधाच्या चरव्या घेऊन लोणावळ्याच्या बंगल्यांवर जायचे. घर मी आणि जाऊ मिळून चालवायचो. मिळून म्हणजे मी सांगायची आणि ती करायची.

भाताची कापणी चालली होती. कापणीत डाव्या मुठीत भाताची ताटं धरायची आणि उजव्या हातानं विळा ओढायचा. माझी डावी मूठ आपोआप उघडली आणि ताटं खाली पडली. मी पुन्हा धरली, पुन्हा पडली. जावेला म्हटलं, "बघ गं, हाताला काय झालंय," पण तोंडातून जे बाहेर आलं ते ऐकून ती हसली. तिला वाटलं मी कुणाची तरी नक्कल करतेय. मला नकला करायची सवय होती, तेव्हा तिचा दोष नाही. मग मी बांधावर कलंडले आणि तिनं सगळ्या खाचरांना ऐकू जाईल अशी हाक मारली.

पुढचे दोन महिने मी घोंगडीवर होते. कुणी सांगितलं कबुतराचं रक्त चोळा, म्हणून कबूतर आणून टोपलीखाली ठेवलं. मी उजव्या हातानं टोपली उलटी केली आणि ते उडून गेलं. माझ्या आजारपणात मी केलेलं ते पहिलं काम. लोणावळ्याचे वैद्य आले, त्यांनी तेल दिलं आणि रोज चोळायला सांगितलं. जाऊ रोज चोळायची. हळूहळू बोलणं सुधारलं, काठी घेऊन उभी राहायला लागले.

याच दिवसांत जावेशी माझं भांडण सुरू झालं. ती मला सकाळी नाचणीची आंबील द्यायची, ताक घालून, मीठ घालून. पहिल्या दिवशी मी घोट घेतला आणि म्हटलं, यात मीठ नाही. तिनं घातलं. मी म्हटलं, अजून नाही. तिनं अजून घातलं. आठ दिवस मी तिला बोलत राहिले की मी अंथरुणाला खिळले म्हणून तू मला अळणी खायला घालतेस, धनीण झालीस काय घराची, मिठाच्या मडक्याला कुलूप लावलंस काय. ती बिचारी रडायची आणि मूठभर मीठ घालायची. एक दिवस मालकांनी माझ्या वाडग्यातला उरलेला घोट घेतला आणि थुंकून टाकला. "इख हाय ह्ये," ते म्हणाले. "खारं इख."

त्या दुपारी घरात कुणी नसताना मी फरपटत फळीपर्यंत गेले आणि लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात टाकली. मग गूळ. मग मिरचीचा ठेचा. गूळ ओल्या मातीसारखा लागला, लोणचं भिजलेल्या चामड्यासारखं. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं, पण तिखट म्हणून काही लागलं नाही, नुसती आग झाली. वास मात्र सगळे येत होते, तसेच्या तसे. मी फळीखाली बसले आणि मला भयंकर राग आला. रडू नाही आलं, राग आला. हात गेला ते कळत होतं, पाय गेला ते कळत होतं, पण जीभ तोंडात वळवळत असताना ती मेलेली असावी हे मला फसवणूक केल्यासारखं वाटलं.

जावेची माफी मात्र मी मागितली नाही. तिला म्हटलं, "मीठ आता बरूबर हाय." मी ठरवून टाकलं होतं की हे कुणाला कळू द्यायचं नाही.

का, ते सांगते. आमच्या गावात चैत्रात देवाची जत्रा असते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला जेवण असतं, आमटी, भात, लापशी. देवळामागे लांब चर खणून त्यात जाळ करतात आणि वर चार मोठी तांब्याची पातेली चढवतात, एकेकात माणूस बसेल एवढं. या जेवणाची कामं घराण्यांना वाटून दिलेली. जाळाचा मान एका घराकडे, तांदूळ धुण्याचा दुसऱ्याकडे. मीठ घालायचा मान आमच्या घराकडे. घरातल्या थोरल्या सवाष्णीनं मीठ घालायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एवढ्या माणसांत दोघींनी मीठ घातलं किंवा कुणीच घातलं नाही असं होऊ नये म्हणून कुणा शहाण्यानं ही पद्धत पाडली असावी. पातेल्याला पाच ओंजळी, पनवेलीकडून घाटानं वर येणारं जाडं मीठ. सासूबाई गेल्या तेव्हापासून अकरा वर्षं मी मीठ घालत होते.

आणि त्यातली खरी मेख अशी, की ती आमटी चाखायची नाही. आधी देवाला नैवेद्य, मग माणसाची जीभ. चाखणं तर सोडाच, पातेल्यावर वाकून श्वाससुद्धा पडू नये म्हणून ढवळणारे, मीठ घालणारे सगळे तोंडाला फडकं बांधतात. त्यामुळे मीठ घालणारीचा हात पक्का लागतो. अकरा वर्षांत कुणी माझ्या आमटीला नाव ठेवलं नव्हतं. जेवून उठताना लोक काही बोलत नसत, आणि मिठाच्या बाबतीत काही न बोलणं हीच शाबासकी.

आजारानंतर माझ्याकडून एकेक काम गेलं. भाकरी थापायला दोन हात लागतात, ती गेली. पाणी भरणं गेलं, धार काढणं गेलं. निवडायला बसवायचे मला, म्हातारीला बसवतात तसं, आणि मी चाळिशीलाही पोचले नव्हते. मीठ तेवढं माझं उरलं होतं. ते काढून घेतलं असतं तर मी त्या घरात कोण होते, हे मला सांगता आलं नसतं.

म्हणून मी खोटं बोलत राहिले. जेवताना वा वा करायची. जावेनं केलेल्या भाजीला उगाच नावं ठेवायची, म्हणजे संशय येऊ नये. स्वयंपाक मीच करणार असा हट्ट धरून चुलीपुढे बसायची आणि वासावर, अंदाजावर मीठ टाकायची. कधी जमायचं. कधी दोनदा पडायचं, कारण टाकलंय की नाही ते चाखून बघायची सोय नव्हती. मालक खाली मान घालून जेवायचे आणि तांब्याभर पाणी प्यायचे.

जत्रेला दोन महिने राहिले असतील. एका सकाळी मालक दूध घालून आले आणि त्यांनी स्वतः चहा केला. लोणावळ्याच्या बंगल्यांवर जाऊन त्यांना चहाची चटक लागली होती, पण करायची मीच. मला नवल वाटलं, बरंही वाटलं. कपबशी माझ्या हातात दिली आणि समोर बसले. गुळाचा वास येत होता. मी प्याले. त्यांनी विचारलं, "कसा झालाय?"

"ग्वाड झालाय," मी म्हटलं. "गूळ जरा कमी घालावा."

त्यांनी माझ्या कपात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "मूठभर मीठ हाय त्यात. गुळाचा खडा नुसता वासापुरता टाकला व्हता." मी कपाकडे बघत राहिले. ते म्हणाले, "औंदा मीठ तुला जमंल का, आबांनी इच्यारलं व्हतं. जत्रा जवळ आली. म्या तरी काय सांगू त्येंला?"

आबा म्हणजे देवळाचं सगळं बघणारे गावातले वडीलधारे. मी कपबशी खाली ठेवली. फोडली नाही, तिची जोडी बिघडली असती. पण त्यांना म्हटलं, "बाजारात बैलाचं दात बघत्यात तशी बघितलीत मला. इच्यारायचं व्हतं. तोंड वाकडं झालंय, बंद न्हाई झालं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या पाण्याचाही रागच आला. खरं तर ते चुकले नव्हते. विचारलं असतं तर मी खोटंच सांगितलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

देवळात बैठक झाली आणि ठरलं की औंदा मीठ धाकटी सून घालील. जावेनं हे ऐकलं तेव्हा तिच्या हातातली घागर चुलीवर पडता पडता राहिली. "बाई, मला न्हाई जमायचं," ती मला म्हणाली. "तुमी शिकवा." मी म्हटलं, "ज्यांनी दिलंय त्येंच्याकडं जा शिकायला." वाईट बोलले. त्या आठवड्यात मी सगळ्यांशीच वाईट बोलत होते.

तो काळही मोठा मजेचा होता. मालक स्टेशनावरून बातम्या आणायचे की मिठासाठी लोक समुद्रावर चाललेत, सरकार लोकांना धरून नेणार, गाडीत दुसरा विषय नाही. सगळा मुलूख मिठासाठी सरकारशी भांडत होता आणि मी कुसगावच्या पलीकडे आमच्या गावाशी. मालकांना म्हटलं, "बघा, शहाणी माणसंबी मिठासाठीच भांडत्यात." ते हसले, आणि चहाच्या दिवसानंतर आम्ही पहिल्यांदा नीट बोललो.

आठवड्यानं मी काठी घेतली आणि देवळाच्या पारावर गेले. बायका पारावर जात नाहीत. मी वर चढले नाही, खालच्या पायरीवर बसले, पण बसले. आबा आणि चार जण तिथं होते.

"आबा," मी म्हटलं, "अकरा वर्सं देवाच्या आमटीला म्या जीभ लावली का कवा?"

"न्हाई," आबा म्हणाले. "लावायचीच नसती."

"मग जी कवा लावलीच न्हाई ती गेली, तर तुमचं काय गेलं?"

चौघांपैकी एक हसला. आबा हसले नाहीत. ते शांत डोक्याचे गृहस्थ होते आणि मला त्यांचा तोच स्वभाव नडला. ते म्हणाले, "सूनबाई, जत्रंला न्हाई लावत, पर घरी लावतीस. रोज घालतीस, रोज खातीस. आज जास्ती झालं तर उद्या हात आवरतीस. जीभ वरीसभर हाताला सरळ ठिवती, तवा कुटं त्यो एक दिस जिभंबिगर चालतो. आता कोन ठिवनार त्याला सरळ?"

तेवढ्यात चौघांतला दुसरा म्हणाला की देवाला कौल लावा, देव सांगेल. मी म्हटलं, "देव मिठाचं कवा बोलला न्हाई. खायचं तुमाला हाय, कौल त्येला कशाला?" एवढं बोलून उठले. पण घरी येईपर्यंत आबांचं वाक्य माझ्या पायात येत होतं. माणूस चुकीचं बोलला तर भांडता येतं. बरोबर बोलला की पंचाईत.

रात्रीच्या जेवणाला मी जावेला शेजारी बसवलं. म्हटलं, "आबा म्हनत्यात हात सरळ ठिवायला जीभ पायजे. माझी न्हाई. तुजी दे." तिला कळलं नाही. मी सांगितलं, रोज मीठ मी घालणार, चाखणार तू, आणि जे असेल ते मला सांगायचं. ती म्हणाली बरं.

पहिले आठ दिवस ती प्रत्येक घासाला "झ्याक हाय बाई" म्हणाली. मालकांचा पाण्याचा तांब्या मात्र रिकामा होत होता. मी तिला म्हटलं, "तू माझी जीभ हायेस. जीभ लाजत न्हाई. खारट तर खारट म्हन." ती म्हणाली, "तुमाला कसं म्हनू? तुमी थोरल्या." दहा वर्षं मी तिला धाकात ठेवलं होतं, त्याचं पीक आता आलं होतं. शेवटी एक दिवस मी मुद्दाम डाळीत दुप्पट मीठ टाकलं आणि सगळी वाटी तिच्यापुढे सरकवली. तिनं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि वाटी खाली आपटली. "खारट हाय," ती म्हणाली. "लय खारट. आन् काल अळनी व्हतं, आन् परवा भाजी मानसानं खायाजोगी नव्हती." मग स्वतःच्याच बोलण्याला घाबरून तिनं पदर तोंडाला लावला. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर रोज दोन वेळा हे चाललं. मी घालायची, ती सांगायची. चिमटीभर कमी, खडाभर जास्त. मीठ पडलं की कढाचा वास बदलतो, फेस बसतो, हे मी आयुष्यभर बघत आले होते, पण लक्ष कधी दिलं नव्हतं. आता देत होते. जत्रेला आठ दिवस राहिले तेव्हा सलग चार दिवस जाऊ नुसती जेवली आणि काही बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सांगन्यासारखं काय असलं तर सांगीन की." मी पुन्हा पारावर गेले नाही. काय सांगणार? गावानं ठरवलं होतं, मीठ जावेचं होतं. मी तिला ओंजळीचं प्रमाणही सांगून टाकलं, पातेल्याला पाच. माझ्या मनाला आग लागली होती, पण तिनं तिचं इमान राखलं होतं आणि मला माझं राखणं भाग होतं.

जेवणाच्या दिवशी मी काठी टेकत देवळामागे गेले आणि एका दगडावर बसले. चार पातेली रटरटत होती. ढवळणाऱ्यांची तोंडं फडक्यांनी बांधलेली होती. मीही सवयीनं बांधलं, आणि तिथल्या सगळ्यांचीच तोंडं झाकलेली असल्यामुळे आजारानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. जाऊ मिठाची पाटी घेऊन चराशी उभी राहिली. आबा म्हणाले, "घाल, बाय." ती हलली नाही. आबा पुन्हा म्हणाले. नैवेद्याची वेळ होत आली होती, देवळात घंटा सुरू झाली होती.

जाऊ वळली, माझ्यापाशी आली आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवली. "म्या न्हाई घालनार," ती फडक्याआडून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "दोन म्हयनं बाईंच्या हातचं खातीया म्या. माझ्या हातापरीस त्येंचा हात बरा. पायजे तर मला वाळीत टाका." ती कधी चार लोकांत बोललेली नव्हती. आबांनी माझ्याकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "घाल मग. नैवेद खोळंबलाय."

मी उठले. जावेनं पाटी धरली, मी काठी तिच्या खांद्याला टेकवली आणि ओंजळ करायला दोन्ही हात मिठात घातले.

डावा हात मिटला नाही. बोटं उघडीच राहिली आणि मीठ सगळं परत पाटीत सांडलं. मी पुन्हा घातले, पुन्हा सांडलं. तिथं, चार पातेल्यांसमोर उभी असताना माझ्या डोक्यात आलं की दोन महिने आम्ही सगळे जिभेवरून भांडलो. मी, मालक, आबा, ती बैठक. हाताचा विचार कुणी केलाच नव्हता, मीसुद्धा नाही. घरच्या डाळीला एक चिमूट लागते, ती एका हातानं पडते. इथं ओंजळी लागतात आणि माझ्याकडे अर्धीच ओंजळ होती. लोक बघत होते. मी उभ्या उभ्या ठरवलं, एक ओंजळ म्हणजे तीन मुठी. पाचाच्या पंधरा. आणि उजव्या मुठीनं घालायला सुरुवात केली. एकेक पातेल्याला पंधरा मुठी, आवळून भरलेल्या. ओंजळीतून बोटांमधून मीठ थोडं गळतच असतं, मुठीतून गळत नाही, हे लक्षात यायला हवं होतं. चौथं पातेलं संपलं तेव्हा वास घेतला. वास मला चांगला वाटला. मला जे वाटायला हवं होतं तेच वाटलं असणार.

नैवेद्य झाला. पहिली पंगत बसली. मी खांबाला टेकून पत्रावळ्यांकडे बघत होते. पहिला घास गेला, दुसरा गेला, आणि पंगतीतून पाण्याची हाक आली. मग दुसऱ्या टोकाकडून आली, आणि वाढप्याची घागर रिकामी झाली. मला आमच्या मालकांचा तांब्या आठवला. पंगतीतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, मला ऐकू यावं असंच म्हणाला, "जिभंचाच पत्त्या न्हाई, चव कुटनं यायची?"

मी काठी आपटत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. फडकं सोडून टाकलं, वाकडं तोंड पुरतं दिसू दिलं. "भाऊ," मी म्हटलं, "तुमाला जीभ हाय नव्हं? मग तिचा उपेग करा. किती जास्ती झालंय ते सांगा."

तो गांगरला. "जास्तीच झालंय," म्हणाला.

"त्ये पान्याच्या हाकंवरनं कळलं. किती? पावपट, निमपट?"

त्यानं पुन्हा आमटीचं बोट चाटलं. सगळी पंगत त्याच्याकडे बघत होती. "पावपट आसंल," तो म्हणाला. शेजारचा म्हणाला, "न्हाई, जरा कमीच." मी प्रत्येक चौथ्या माणसापुढे थांबले आणि विचारलं. मग जावेला चाखायला लावलं, आता चाखायला हरकत नव्हती. तिनं डोळे मिटून विचार केला आणि म्हणाली, "बारा-तेरा मुठीचं काम व्हतं, बाई. पंदरा झाल्या." मी ढवळणाऱ्यांना बाकीच्या पातेल्यांत उकळतं पाणी आणि शिजलेली डाळ घालायला लावली, चिंच थोडी वाढवायला लावली. दुसऱ्या पंगतीला कुणी पाणी जास्त मागितलं नाही. तिसरी पंगत बायकांची, ती गप्प जेवली.

सगळ्यांत शेवटी आम्ही राबणारे बसलो. आबा माझ्यासमोरच्या ओळीत होते. माझ्या पत्रावळीवर आमटी-भात होता आणि तो मला काहीच लागत नव्हता, तरी मी पोटभर जेवले, भूक लागली होती. तेवढ्यात पारावरच्या त्या चौघांतल्या एकानं आबांना विचारलं, "मग फुडल्या साली मीठ कुनी घालायचं?"

हातातला घास मी खाली ठेवला. आबांनी आपला घास संपवला, पाणी प्यायले.

"कुनी म्हंजी? ही हाय की," ते म्हणाले. "औंदा हात जरा जड पडला हिचा. कुनाचाबी पडतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फुडल्या खेपंला मुठीचं माप घरी पातेल्यावर बघून ठिव, सूनबाई. आयत्या येळंला असं चालायचं न्हाई."

बोल लावला त्यांनी मला, सगळ्यांच्या देखत. आजारानंतर गावात मला कुणी बोल लावला नव्हता. सांभाळून घेत होते, कीव करत होते, माझ्या पाठीमागे जीभ गेली म्हणून चुकचुकत होते. आबांनी हाताबद्दल बोल लावला, जसा ते कुणाही धडधाकट सुनेला लावतील. मी पदराखाली डोळे पुसले आणि तो बोल अकरा वर्षांच्या गप्प शाबासक्यांपेक्षा मोठा मानून घेतला.

"बघते मुठीचं माप," मी म्हटलं. "पर पंगतीत पानी कमी पडलं, त्ये कुनाचं काम व्हतं, आबा?"